उन्हाळी सुट्टीत मुलांसाठी मातीकामाचा वर्ग: काय बघून निवडावा?

सायली_कर्वेनगर
१० एप्रिल, सकाळी ११:१०

नमस्कार मंडळी. लेक नऊ वर्षांची. सुट्टीला नाशिकहून भाचा येतोय, तो पंधराचा, दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला. दोघांनाही यंदा मातीचंच काहीतरी करायचंय. लेकीने कुठेतरी व्हिडिओ पाहिलाय, त्यामुळे तिला चाकच हवं. भाच्याला भांड्यांत रस नाही, त्याला माणसांची डोकी घडवायची आहेत (त्याचेच शब्द).

घराजवळ दोन वर्ग सापडले. पहिला आठवडाभराचा, रोज दोन तास, पहिल्या दिवसापासून चाक, शेवटच्या दिवशी पालकांसाठी प्रदर्शन आणि केलेल्या वस्तू लगेच घरी. दुसरा तीन आठवड्यांचा, फी जवळजवळ दुप्पट, चाक थेट शेवटच्या आठवड्यात, आणि वस्तू मिळणार जूनमध्ये. पहिल्या ठिकाणी फोनवर फार गोड बोलले. दुसऱ्या ठिकाणच्या बाई म्हणाल्या, "मुलीची नखं कापून पाठवा," आणि फोन ठेवला.

माझा कल साहजिकच पहिल्याकडे आहे. पण मातीतलं मला काही कळत नाही. काय विचारावं, काय बघावं? कुणाची मुलं गेली आहेत का अशा वर्गांना?

टिवल्याबावल्या
१० एप्रिल, ११:२५

पहिला नंबर माझा.

आमच्या लहानपणी मातीत खेळलो की धपाटे मिळायचे. आता त्याचे पैसे भरायचे. कालाय तस्मै नमः.

मराठवाडी_तडका
१० एप्रिल, ११:४८

टिवल्या, +१. ओ ताई, दोन पोरांची फी धरली तर आमच्या गावाकडं ट्रॉलीभर माती येती. अंगणात ओता अन् सोडा पोरं. कशाला पायजे वर्ग?

भट्टीवाला
१० एप्रिल, दुपारी १२:३०

सायलीताई, मी पुण्यातच छोटा स्टुडिओ चालवतो. लहान मुलांचे वर्ग घेत नाही, त्यामुळे माझा यात काही स्वार्थ नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे. "शेवटच्या दिवशी वस्तू घरी" याचा अर्थ ती वस्तू भाजलेली नसणार. ओल्या मातीचं भांडं सुकायलाच आठवडा लागतो, जाड असेल तर जास्त. पुण्यातल्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत घाई केली तर काठ आधी सुकतो, बूड ओलं राहतं आणि मधे तडा जातो. म्हणून आम्ही मुद्दाम प्लॅस्टिक झाकून हळूहळू सुकवतो. मग पहिली भाजणी, साधारण ९०० ते १००० अंश. भट्टी चढवायला आठ-दहा तास आणि निवायला जवळजवळ तेवढेच. ग्लेझ (काचेसारखा चकचकीत लेप) लावायचं असेल तर पुन्हा एकदा भट्टी. म्हणजे जूनमध्ये वस्तू देऊ म्हणणाऱ्या बाई खरं सांगताहेत.

न भाजलेलं भांडं घरी आणून रंगवलं तरी ती सुकलेली मातीच राहते. पाणी ओतलंत की संध्याकाळपर्यंत त्याचा पुन्हा चिखल. साधारण ६०० अंशांच्या पुढे गेल्यावरच मातीतलं रासायनिक पाणी निघून जातं आणि तिची परत माती होत नाही. त्यामुळे दोन्हीकडे पहिला प्रश्न हाच विचारा: भाजणार का, कुठे, आणि कितीपर्यंत?

सायली_कर्वेनगर
१० एप्रिल, १२:५२

अरे बापरे. हे कुणीच सांगितलं नव्हतं. पण पहिल्या दिवसापासून चाक असणं चांगलंच ना? लेकीचा सगळा जीव त्यातच अडकलाय.

कोन_सहा
१० एप्रिल, रात्री ९:१५ (इथे सकाळ)

सिएटलहून. माझी दोन्ही मुलं इथल्या कम्युनिटी स्टुडिओच्या समर कँपला जाऊन आली आहेत आणि आता मीही शनिवारी जाते. इथे लहान मुलांना चाकावर बसवतच नाहीत, मोठ्यांनाही आधी हातकाम. कारण साधं आहे. चाकावर पहिली गोष्ट म्हणजे मातीचा गोळा मध्यावर आणणं. त्याला कोपर मांडीला टेकवून अख्ख्या अंगाचा भार द्यावा लागतो. नऊ वर्षांच्या मुलीला तेवढा जोर नसतो. मग होतं काय, तर शिक्षक मागून हात धरतात, भांडं वर येतं, आई फोटो काढते. ते भांडं शिक्षकांनी केलेलं असतं.

हातकामात मात्र मूल पहिल्या तासाला स्वतःचं काहीतरी करतं. गोळ्यात अंगठा खुपसून चिमटीने वाटी करायची, मातीच्या वळ्या एकावर एक रचून मडकं करायचं, लाटण्याने पोळी लाटून तिचे तुकडे जोडायचे. जोडताना दोन्हीकडे काट्याने ओरखडे काढून मधे पातळ मातीचा लगदा लावायचा, नाहीतर कपाचा कान सुकताना निखळतो.

आणि हो, इथेही वस्तू कँप संपल्यावर तीन-चार आठवड्यांनी मिळतात. कधी कधी मूल विसरलेलं असतं आणि खोकं उघडल्यावर "हे कुणाचं?" म्हणून विचारतं.

टिवल्याबावल्या
१० एप्रिल, रात्री ९:२१

कोन_सहा म्हणजे नक्की काय हो? घराचा नंबर?

कोन_सहा
१० एप्रिल, रात्री ९:४०

:) भट्टीत मातीच्याच मिश्रणाचे छोटे सुळके ठेवतात. ठरावीक उष्णता मिळाली की तो सुळका वाकतो, म्हणजे काम झालं असं समजायचं. त्याला कोन म्हणतात, प्रत्येकाला नंबर असतो. सहा नंबर म्हणजे अंदाजे १२२० अंश. गंमत म्हणजे शून्य-सहा नंबर हा सहापेक्षा बराच कमी, हजाराच्या आसपास. सुरुवातीला सगळेच यात गोंधळतात.

गोरोबा_तेर
११ एप्रिल, सकाळी ७:०५

धागा वाचून राहवलं नाही. आमचं घर कुंभाराचं, धाराशिव जिल्ह्यातलं. मी स्वतः इंजिनियर, पुण्यात नोकरीला. आजोबांच्या हाताखाली माती तुडवलेली आहे.

आमच्याकडे मुलाला चाक कधी मिळायचं? आधी माती आणायची, कुटायची, चाळायची, भिजवायची. त्यात राख आणि घोड्याची लीद मिसळायची. लीद भाजताना जळून जाते, बारीक छिद्रं राहतात, म्हणून माठ तडकत नाही आणि पाणीही गार होतं. मग पायाने तुडवणं. कैक महिने हेच. चाकावर आजोबा भांड्याचा फक्त गळा आणि वरचा घाट काढायचे. भांडं थोडं आवळलं की आतून गुंडा (गोल दगड) धरायचा आणि बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकत ठोकत पोट वाढवत न्यायचं. आज लोक 'चाकावरचा माठ' म्हणतात, त्याचं अर्धं काम चाकाबाहेरचं असतं. ते सगळं आव्यात, गोवऱ्या आणि पाचट घालून, वरून राख-मातीचा थर देऊन रात्रभर भाजायचं.

त्यामुळे दुसऱ्या वर्गात चाक शेवटी आहे हे वाचून मला तरी बरं वाटलं. त्या बाईंना नखांचं कळतंय, म्हणजे बाकीचंही कळत असेल. चाकावर वाढलेलं नख भांड्याला आतून चर पाडतं.

टिवल्याबावल्या
११ एप्रिल, सकाळी ८:१०

गोरोबाकाका, आमच्या डोक्यावर थापटणं मारून कोण कच्चं कोण पक्कं एकदा सांगून टाका. आयडीवाल्यांची परीक्षा होऊन जाऊ दे. मी नामदेवांसारखा आधीच आरडाओरडा करून ठेवतो.

गोरोबा_तेर
११ एप्रिल, ८:१४

तुमचा आवाज इथपर्यंत येतोय, मारायची गरज नाही.

निलांबरी
११ एप्रिल, ९:३०

मग मुलांना शहरातल्या वर्गात घालण्यापेक्षा थेट कुंभारवाड्यातच का पाठवू नये? केशवनगर-मुंढव्याला अजून कुंभारांची वस्ती आहे, मुंबईकरांना धारावी आहे. पैसे खऱ्या कारागिराला मिळतील, मुलांना खरी माती कळेल. या वातानुकूलित स्टुडिओंमध्ये कसला आलाय मातीचा वास!

गोरोबा_तेर
११ एप्रिल, १०:०२

निलांबरीताई, भावना चांगली आहे, पण माझ्या चुलत्याला हे सुचवून बघा, हाकलून देईल. एप्रिल-मे हा माठांचा सीझन. आखितीच्या आधी तर श्वास घ्यायला वेळ नसतो, तेव्हा घरोघरी नवे करे-केळी लागतात. त्या गर्दीत नऊ वर्षांच्या मुलीला कोण शिकवणार? आणि चांगला कारागीर म्हणजे चांगला शिक्षक असं नसतं. आजोबा शिकवायचे म्हणजे चुकलं की भांडं मोडून गोळा परत चाकावर आपटायचे. एक शब्द बोलायचे नाहीत. मी त्यात टिकलो कारण पळून जायला जागा नव्हती.

दुसरी गोष्ट. आमच्या घरात बायका माती मळत, थापटत, गेरू लावत, डोक्यावरून बाजाराला नेत. चाकाला मात्र हात लावायचा नाही. माझी पुतणी चाक शिकली ती पुण्यातल्या एका स्टुडिओत, फी भरून. आजी तेव्हा होती. तिने पुतणीचं पहिलं भांडं हातात घेऊन उलटं केलं, बुडावर बोट वाजवलं आणि म्हणाली, "बूड जड ठेवलंय." बस्स. त्यामुळे वातानुकूलित स्टुडिओला मी तरी नावं ठेवणार नाही.

निलांबरी
११ एप्रिल, १०:३०

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पण सुट्टी संपताना, पावसाच्या आधी, एकदा नुसतं बघायला नेलं तर?

गोरोबा_तेर
११ एप्रिल, १०:३५

बघायला जरूर न्या. आणि नेलंत तर दोन माठ विकत घ्या, भाव करू नका.

पेणकर
११ एप्रिल, दुपारी १:२०

आमचा पेणला गणपतीचा कारखाना. एक खुलासा: बरेच 'क्ले वर्कशॉप' वाले शाडू देतात. शाडू गुजरातेतून येते, हाताला मऊ, घडवायला झकास. पण ती भाजायची माती नव्हे. मूर्ती सुकवून रंगवायची आणि पाण्यात विरघळवायची, यासाठी ती. शाडूचा कप करून 'चहा प्यायला वापरा' म्हणणारा भेटला तर तिथून निघा.

मोठ्या मुलाला शाडूत जरूर काम करू दे. आमच्याकडे नवीन पोराला आधी साच्यातून काढलेल्या मूर्तीची फिनिशिंग देतो: पाण्याचं बोट फिरवून सांधे बुजवणं, बोटं-सोंड नीट करणं. त्यात हात बसतो. डोळ्यांची आखणी मात्र वर्षानुवर्षं कुणाला देत नाही.

गोंयकार_मुशाफिर
११ एप्रिल, १:५५

आमच्याकडे चवथीच्या मूर्ती चिकणमातीच्या. आणि मातीचा वर्ग हवा तर आषाढीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला या. देवकीकृष्णाच्या देवळासमोर चिखलकालो, अख्खा गाव चिखलात लोळतो. फी नाही, वयाची अट नाही, नखं कापायची गरज नाही.

मराठवाडी_तडका
११ एप्रिल, २:०१

हा खरा वर्ग!

माईसाहेब
११ एप्रिल, सायंकाळी ५:४०

मी निवृत्त कलाशिक्षिका. इतका वेळ सगळे लेकीबद्दलच बोलताहेत, त्या पंधरा वर्षांच्या मुलाचं काय? त्याची गरज अगदी वेगळी आहे.

सायली, भांडी शिकवणारा वर्ग आणि शिल्प शिकवणारा वर्ग एकच असतो असं समजू नकोस. डोकं घडवायचं तर आधी लाकडी पाटावर उभा दांडा, त्याला तारेचा सांगाडा, त्यावर माती. समोर माणूस बसवून सतत फिरून सगळ्या बाजूंनी बघायचं. नवखी मुलं समोरून चेहरा काढतात आणि मागे डोकंच नसतं, कवटी सपाट. कान कुठे येतो हे शंभरातल्या नव्वदांना विचारूनही सांगता येणार नाही.

आता भाजायचा प्रश्न. आत सांगाडा असलेलं डोकं भट्टीत जात नाही. माती आकसते, तार आकसत नाही, मग फुटतं. कला महाविद्यालयात पूर्वीपासून मातीत घडवायचं, त्यावर प्लास्टरचा साचा घ्यायचा आणि साच्यातून प्लास्टर किंवा धातूत ओतायचं अशी रीत. मूळ मातीचं काम साचा काढताना मोडतंच, ती माती परत पिंपात. शिल्पकार म्हात्र्यांची 'मंदिरपथगामिनी' ही मूर्ती त्यांच्या विद्यार्थिदशेतली, ती आपल्याला माहीत आहे ती प्लास्टरमध्ये. दुसरा मार्ग टेराकोटाचा, म्हणजे भाजलेल्या मातीचा: कागदाच्या बोळ्यावर डोकं घडवायचं, थोडं आवळलं की तारेने वरची टोपी कापून आतून माती कोरायची, सगळीकडे बोटभर जाडी ठेवायची, टोपी परत चिकटवायची. वर्गात यातलं काय शिकवतात ते विचार. "आम्ही सगळंच शिकवतो" असं उत्तर आलं तर मला जरा शंका येते.

त्या मुलाला एकदा सासवण्याला ने. अलिबागजवळ आहे, शिल्पकार वि. पां. करमरकरांच्या घरातच संग्रहालय आहे. लहानपणी त्यांनी गावातल्या देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचं चित्र काढलं होतं. ते कलेक्टर ऑटो रॉथफेल्डने पाहिलं आणि त्यांना मुंबईला जे. जे. कला महाविद्यालयात धाडलं. पुण्यात श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातला महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच, १९२८ सालचा. तो तर तुला जवळच आहे. घोड्याभोवती फिरून बघायला सांग त्याला.

सायली_कर्वेनगर
११ एप्रिल, रात्री ८:३०

माईसाहेब, किती नीट सांगितलंत! भाचा जे. जे. चं नाव घेतो मधूनमधून. त्याची आई म्हणते, आधी अकरावी-बारावी कर. या वर्गाचा प्रवेशासाठी उपयोग होईल का?

माईसाहेब
११ एप्रिल, ८:५५

प्रवेश परीक्षेला नाही. ती कागदावरची असते: वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्प आणि सामान्यज्ञान. त्यासाठी रोज रेखाटन. इंटरमीजिएट ही चित्रकलेची परीक्षा दिली नसेल तर देऊ दे. मातीचा वर्ग त्याला हे कळण्यासाठी, की दिवसभर उभं राहून, हात कोपरापर्यंत बरबटवून, एकाच नाकाशी झगडणं त्याला आवडतंय की नाही. आईचं म्हणणंही चूक नाही, बारावी करून जाता येतं.

जिज्ञासू_जया
१२ एप्रिल, सकाळी १०:१५

माझ्या मुलाचा हत्ती गेल्या वर्षी भट्टीत फुटला. शेजारच्या तीन मुलांच्या वस्तूही घेऊन गेला. वर्गवाल्यांनी सांगितलं, मातीत हवेचे बुडबुडे राहिले, तुमच्या मुलाने नीट मळली नाही. पोरगं दोन दिवस जेवलं नाही धड. एवढ्या लहान मुलाकडून मळण्याची अपेक्षा ठेवायची का?

भट्टीवाला
१२ एप्रिल, ११:००

हे बुडबुड्यांचं प्रकरण मी कितीतरी वर्षं ऐकतोय. हवेने फुटत नाही, पाण्याने फुटतं. जाड हत्तीच्या पोटात ओल राहते, भट्टी १०० अंशांच्या पुढे भरभर गेली की त्या पाण्याची वाफ होते, वाफेला बाहेर पडायला वाट नसते, मग धडाम. खात्री करायची तर पूर्ण सुकलेला पोकळ बंद गोळा हळूहळू भाजून बघा, टिकतो. हत्ती भरीव होता ना? तो आतून कोरून घ्यायला सांगणं, सुकलाय की नाही हे बघणं आणि भट्टी सुरुवातीला मंद ठेवणं ही तिन्ही कामं मोठ्यांची. सुकलंय का ते बघायची सोपी खूण: वस्तू गालाला लावायची. गार लागली तर आत अजून ओल आहे.

गोरोबा_तेर
१२ एप्रिल, ११:२०

थोडी असहमती. मळणं बिनमहत्त्वाचं आहे असा अर्थ निघू नये. बुडबुडा चाकावर आला की भांड्याची भिंत तिथेच लचकते. आणि कडक-मऊ माती एकजीव झाली नसेल तर सुकताना तडा ठरलेला. भट्टीतल्या स्फोटापुरतं तुमचं बरोबर आहे.

भट्टीवाला
१२ एप्रिल, ११:२६

मान्य. मळायला हवीच. फक्त पोरावर खापर फोडू नये इतकंच.

टिवल्याबावल्या
१२ एप्रिल, ११:३०

खापर फोडू नये... मातीच्या धाग्यावर... मुद्दाम केलंत ना?

डॉ_श्वास
१२ एप्रिल, दुपारी ३:१०

छातीचे विकार बघतो म्हणून दोन शब्द. सुक्या मातीच्या धुळीत बारीक सिलिका असते. वर्षानुवर्षं ती नाकातोंडात गेली तर फुप्फुसं कायमची खराब होतात. मुलं दोन-तीन आठवडे जाणार, त्यांच्यासाठी घाबरायचं कारण नाही, शिक्षकांसाठी जास्त आहे. पण वर्ग बघायला जाल तेव्हा जमीन कशाने साफ करतात ते बघा. केरसुणीने झाडत असतील तर सगळी धूळ हवेत. ओल्या फडक्याने पुसायला हवं. सुकलेल्या वस्तूला पॉलिश पेपर मारायचं काम मुलांना देत असतील तर नको म्हणा, ओल्या स्पंजनेही तेच होतं. दमा असलेलं मूल असेल तर आधी सांगून ठेवा.

कोन_सहा
१२ एप्रिल, रात्री ८:५०

डॉक्टरांशी पूर्ण सहमत. त्याला जोडून ग्लेझचं. ज्या भांड्यात खायचं-प्यायचं त्याचं ग्लेझ शिशाविना हवं, हे स्पष्ट विचारा. पावडरीतून ग्लेझ कालवायचं काम मुलांकडे नसावं. आणि ग्लेझचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते, माठाला ग्लेझ करून चालत नाही. पाणी झिरपून वरून उडतं म्हणून तर आतलं गार होतं. ग्लेझ केलं की छिद्रं बंद.

मराठवाडी_तडका
१२ एप्रिल, ९:०५

म्हंजे आमच्याकडं ते रंगीत नक्षीचे चकचकीत माठ विकायला येतात, ते?

गोरोबा_तेर
१२ एप्रिल, ९:१२

ऑइलपेंट असतो. शोभेला ठेवा. प्यायला साधा घ्या, काळा नाहीतर लाल. काळा म्हणजे वेगळी माती नव्हे, आवा शेवटी बंद करून धूर कोंडला की काळा.

पुणे_प्लंबिंग_पीडित
१३ एप्रिल, सकाळी ८:००

घरी सराव करणाऱ्यांना हात जोडून विनंती: मातीचे हात बेसिनमध्ये धुऊ नका. आमच्या वरच्या मजल्यावरच्या कलावंतांनी धुतले, आणि पूर्ण उभी लाइन तुंबली. बादलीत धुवा, माती खाली बसू द्या, वरचं पाणी झाडांना, खालची माती परत वापरा.

निलांबरी
१३ एप्रिल, ९:२०

हसू आलं, पण माहिती कामाची.

आता एक मुद्दा माझाही. शेवटच्या दिवशीच्या प्रदर्शनांवर माझा राग आहे. मी एका वर्गाच्या प्रदर्शनाला गेले होते, टेबलावर वीस गणपती, वीसच्या वीस सारखे. सोंडेचा बाक तोच, मोदक त्याच कोनात. मुलं सहा वर्षांची! रात्री बसून कुणीतरी दुरुस्त केलेत हे आंधळ्यालाही कळेल. माझ्या भाचीला तिचा गणपती ओळखता आला नाही. खालचं नाव वाचून उचलला.

माईसाहेब
१३ एप्रिल, ९:४५

अगदी, अगदी. वर्ग बघायला जाताना मागच्या मुलांची कामं मागून घ्यावीत. वेडीवाकडी, निरनिराळी दिसली तर मूल तिथे खरंच काम करतं. मात्र एक बाजू आमचीही ऐका. पालक येतात आणि विचारतात, "एवढे पैसे भरले, हे काय आणलंन?" त्या प्रश्नाला घाबरून शिक्षक रात्री दुरुस्त्या करतात. मीही असे पालक पाहिलेत, त्यामुळे पूर्ण दोष शिक्षकांना देववत नाही.

पेणकर
१३ एप्रिल, १०:१०

आम्ही कारखान्यात वीस हजार मूर्ती सारख्या करतो तर आम्हाला कुणी बोलत नाही :)

सायली_कर्वेनगर
१६ एप्रिल, रात्री ९:३०

अपडेट. दोन्हीकडे जाऊन आले.

पहिल्या ठिकाणी जागा सुंदर, भिंतींवर छान चित्रं, सहा चाकं ओळीत. भट्टी कुठे विचारलं तर "आम्ही मुलांना वस्तू अॅक्रिलिकने रंगवायला देतो, भाजायची गरजच पडत नाही." मुलांची जुनी कामं दाखवा म्हटलं तर मोबाइलवरचे फोटो दाखवले, सगळ्या फोटोंत मुलाच्या हातांवर आणखी दोन हात.

दुसऱ्या ठिकाणच्या बाई फोनवर होत्या तशाच प्रत्यक्षात. जमीन ओली होती, डॉक्टर! फळीवर मागच्या वर्षीच्या मुलांच्या न नेलेल्या वस्तू होत्या: एक तीन पायांचं मांजर, एक वाटी जिला बघून पाव वाटतो. बाईंनी ती मुद्दाम ठेवली आहेत. भट्टी मागच्या खोलीत, विजेची. पहिल्या भाजणीला हजार अंशांपर्यंत नेतात. ग्लेझ बिनशिशाचं, डबा दाखवला. पण भाच्याला स्वच्छ नाही म्हणाल्या: "मी भांडी शिकवते, डोकी नाही. त्याला इथे घालून त्याची सुट्टी फुकट घालवू नका."

लेकीचं नाव तिथे घातलं. चाक शेवटच्या आठवड्यात म्हटल्यावर घरी बराच रडारडीचा कार्यक्रम झाला. मांजराचा फोटो दाखवल्यावर जरा थांबला. "मी पाच पायांचं करणार," असं ठरलंय.

भाच्यासाठी काही सुचवाल का? माईसाहेब?

माईसाहेब
१६ एप्रिल, १०:०५

बाई खमक्या आहेत. आवडल्या मला. भाच्यासाठी एखाद्या कामात असलेल्या शिल्पकाराच्या स्टुडिओत महिनाभर हाताखाली जाता येतं का बघ. माती मळायला, पाणी मारायला, ओली फडकी गुंडाळायला त्यांना कुणीतरी हवंच असतं. तिथे बघून जे शिकेल ते वर्गात मिळायचं नाही. कला महाविद्यालयाच्या शिल्पकला विभागात जाऊन सरळ विचारा, आजी-माजी विद्यार्थी ओळखीचे असतात. मी दोन ठिकाणी शब्द टाकते, तुला निरोपातून कळवते.

पेणकर
१६ एप्रिल, १०:२०

नाहीतर पाठवा पेणला. राहायला माझ्याकडे. मे महिन्यात हात कमीच पडतात. पगार नाही, जेवण आहे, आणि मासे आहेत.

सायली_कर्वेनगर
१६ एप्रिल, १०:२८

पेणकर, त्याला 'मासे' म्हटलंय, तो बॅग भरायला लागलाय. खरंच विचारू का? निरोप करते.

मराठवाडी_तडका
१७ एप्रिल, सकाळी ७:४५

एवढं वाचून आता मलाच करावं वाटायलंय. भट्टीवाले, घरी गॅसवर भाजता येतं का काही?

भट्टीवाला
१७ एप्रिल, ९:००

नाही. शेगडीवर आणि घरच्या ओव्हनमध्येही नाही, ओव्हन तीनशे अंशांपर्यंतही जेमतेम जातो. मोकळ्या जागेत, गोवऱ्या-पाचटाचा छोटा आवा लावून होईल, पण शेजाऱ्यांना आधी विचारा, धूर होतो. वस्तू पूर्ण सुकलेल्या हव्यात आणि आच पहिले दोन तास मंद. बाकी गोरोबा सांगतील, त्यांचा हात आहे त्यात.

गोरोबा_तेर
१७ एप्रिल, ९:३०

गाव कुठलं तुमचं? आणि माती कुठली वापरणार? नुसती काळी रानातली घेऊ नका, फार आकसते, भेगा पडतात. तळ्याच्या काठची गाळाची मिळाली तर थोडी भिजवून दोरीएवढी वळी करा आणि बोटाभोवती गुंडाळा. तडकली नाही तर चालेल. फोटो टाका, मग लिदीचं प्रमाण सांगतो.